मावळायच्या आत

बारामतीत एकट्या मुलीने भाड्याची खोली शोधायला निघावं आणि घरमालकांचे प्रश्न ऐकावेत. मटण करतेस का, गावाकडून किती जण येऊन राहतील, लग्नाचं कुठवर आलंय. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच नोकरीला लागले होते आणि ही उत्तरं देऊन देऊन माझी जीभ झिजली होती. जळोचीतल्या त्या घराच्या मालकीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला पायरीवर उभं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अबोला धरतेस का?"

"नाही," मी म्हणाले.

हे धादांत खोटं होतं. मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची, आणि आमच्या घराण्यात राग म्हशीसारखा पोसतात. त्याला वेळेवर वैरण घालतात, पाणी दाखवतात, आल्यागेल्याला कौतुकाने त्याची ओळख करून देतात. माझी एक आत्या साडीच्या रंगावरून रुसली, ती थेट नातवाच्या बारशापर्यंत रुसलेलीच होती. मीही त्याच वळणावर गेलेली. मी भांडत नाही, आवाज चढवत नाही. मी फक्त "काही नाही" म्हणते आणि आठवडाभर भिंतीकडे बघून जेवते.

"धरतेस," बाई म्हणाल्या. "हनुवटीवरून कळतं. हे बघ, माझ्या घरात भांडायला बंदी नाही. भांडी आपट, दार आपट, दार सागवानी आहे. पण सूर्य मावळायच्या आत बोलून मोकळं व्हायचं. जमत असेल तर सामान आण."

मी सामान आणलं, कारण खोलीला गॅलरी होती.

बाई आरोग्य खात्यात नर्स होत्या. सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत झाली, त्यातली बरीच वर्षं आमच्याच वरकुट्याच्या उपकेंद्रात; लहानपणी मला सुया त्यांनीच टोचल्या होत्या, हे नंतर बोलण्यात निघालं. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा वालचंदनगरच्या कारखान्यात होता. निवृत्तीनंतर दोघांनी जळोचीत घर बांधलं, आणि काही वर्षांनी तो गेला. सिस्टर ख्रिस्ती. दारावर पितळी क्रूस होता, आणि दाराच्या आत, अगदी नजरेसमोर, दिनदर्शिका. त्या दिनदर्शिकेत सण, पंचक, रेसिपी काय काय असतं. सिस्टर त्यात एकच गोष्ट बघत, सूर्यास्ताची वेळ.

कारण सिस्टर तालुक्यातल्या सगळ्यात तापट बाई होत्या. हे मी प्रेमाने सांगते आहे. शांत असल्या की त्यांची मराठी स्वच्छ, उपासनेत वचन वाचावं तशी. चिडल्या की त्यांच्यातलं इंदापूर बाहेर यायचं. "आरं ए! रस्ता काय तुझ्या सासऱ्यानं दिलाय व्हय?" हा आवाज आला की समजावं, कुणीतरी फाटकासमोर गाडी लावली. आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, सांगितलंय की सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये. बाकीची मंडळी हे वाचतात, मान डोलावतात आणि पान उलटतात. सिस्टरांनी ते औषधाच्या वेळेसारखं घेतलं होतं. दिवसभर ज्याच्या-ज्याच्यावर चिडल्या, त्याच्या-त्याच्या दारी संध्याकाळी स्कूटीवरून जायचं. फिरती बरीच असे. पेट्रोलही बरंच लागे.

त्यांची माफी मागायची रीत मात्र जगावेगळी होती. त्या फाटकाशी उभ्या राहत आणि खणखणीत म्हणत, "सकाळी चिडले ते माझं चुकलं. क्षमा करा. मुद्दा सोडलेला नाही. गाडी तिथं लावायची नाही." एवढं बोलून स्कूटी वळवत. समोरचा गोंधळून जाई. माफी मिळाली म्हणून हसावं की परत बोलणी खाल्ली म्हणून चिडावं, त्याला समजत नसे.

"याला काय माफी म्हणायची?" मी एकदा विचारलं.

"हीच खरी," त्या म्हणाल्या. "राग वेगळा, मुद्दा वेगळा. लोक राग सोडायचा म्हणून मुद्दाही सोडून देतात, मग आतल्या आत कुढतात. नाहीतर मुद्दा धरायचा म्हणून रागही धरून बसतात. प्रभूने मला राग सोडायला सांगितलाय. डोकं सोडायला नाही सांगितलं."

मला वाटायचं, एवढ्या कडक नियमामागे काहीतरी दुःख असणार. नवऱ्याशी भांडण झालं असेल, तो रागात घराबाहेर पडला असेल, परत आलाच नसेल. सिनेमात असतं तसं. एकदा कांदे चिरता चिरता मी हळूच विषय काढला. सिस्टर हसून हसून खोकल्या. "अगं, तो म्हातारा होऊन, आजारी पडून, माझ्या हातचं सूप नको म्हणत गेला. त्याच्याशी माझं कुठलंच भांडण शिल्लक नव्हतं. बिचाऱ्याला दुपारी चार वाजल्यापासून झोपू द्यायची नाही मी, 'आधी मिटव' म्हणून." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "काही केलं की त्यामागं जखमच असावी लागते का गं? सांगितलंय, म्हणून करते. पटलंय, म्हणून करते." माझा चेहरा पडला. इतकी छान गोष्ट मी मनात रचली होती.

त्यांचं दुसरं वेड तांदूळ निवडायचं. सकाळी प्रार्थना झाली की सूप घेऊन ओट्यावर बसत आणि एकेक खडा काढताना मोठ्याने बोलत. "ही शेजारीण मुद्दाम आपल्या दारात कचरा लोटते. मुद्दाम? तुला कुणी सांगितलं मुद्दाम म्हणून? खडा." खडा अंगणात. "गुडघा दुखतोय, डॉक्टरला दाखवायला हवं. हा दाणा आहे, असू दे." "आपण मेलो तर चार माणसं तरी येतील का? खडा. येतील न येतील, तुला बघायचंय थोडंच." प्रत्येक विचार धरून प्रभूपुढे उभा करायचा, खरा असेल तर ठेवायचा, नसेल तर फेकायचा, अशी ती शिस्त होती. पहिल्यांदा मी गॅलरीतून ऐकलं तेव्हा वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पंधरवड्याने मीच त्यांच्या शेजारी सूप घेऊन बसायला लागले. माझ्या सुपात खडेच जास्त निघत. लॅबमधली सगळी माणसं माझ्याबद्दलच कुजबुजतात, हा खडा तर मी इतक्या वेळा फेकलाय की अंगणात त्याची टेकडी झाली असती.

अडचण अशी, की हल्ली तांदळात खडेच नसतात. पाकिटातला तांदूळ आरशासारखा. सिस्टर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "खडे असलेला तांदूळ द्या." दुकानदार चाचा भला माणूस, पाच वेळचा नमाजी, पण दुकानाच्या नावाला फार जपणारा. त्यांना वाटलं हा टोमणा आहे.

"सिस्टर, माझ्या मालात आजवर खडा सापडला न्हाय!"

"तेच म्हणत्ये मी! सापडला पायजे!"

"बघा, तुमी वडीलधाऱ्या म्हणून ऐकून घेतोय."

बरंच पेटलं. गिऱ्हाईकं हातातलं दूध सांडेपर्यंत बघत राहिली. संध्याकाळी सिस्टर नियमाप्रमाणे माफी मागायला गेल्या तर चाचा दुकानाचं शटर अर्धं ओढून मगरिबच्या नमाजला निघालेले. सूर्य मावळला की त्यांची नमाज, आणि सूर्य मावळायच्या आत यांची माफी. दोघंही घाईत. पुढेही हे वरचेवर व्हायला लागलं तेव्हा चाचांनी हात जोडले. "सिस्टर, माझी नमाज आन् तुमची माफी एकाच टायमाला येतीया. एक तर जरा आधी येत जावा, न्हायतर दुपारीच चिडत जावा." सिस्टरांना ते मनापासून पटलं. तेव्हापासून चाचांची माफी चहाच्या वेळी ठरून गेली, आणि चाचा त्यांच्यासाठी इंदापूरच्या बाजारातून सुटा, बिननिवडलेला तांदूळ आणून ठेवायला लागले. पोत्यावर कुणी हात ठेवला की सांगत, "त्यो न्हाय. त्यो सिस्टरांचा पेशल हाय."

चर्चचे पाळकसाहेबही सुटले नाहीत. एका रविवारी ते नम्रतेवर बोलत होते. खऱ्या ख्रिस्ती माणसाला राग येतच नाही, असं म्हणाले. सिस्टर दुसऱ्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या. "प्रभूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलटे केले, ते काय गुदगुल्या झाल्या म्हणून?" पाळकसाहेब लाल झाले. दुपारी सिस्टर त्यांच्या घरी नारळाच्या करंज्या घेऊन गेल्या, उपासनेत मध्येच बोलल्याबद्दल क्षमा मागितली, आणि चौरंगांचा मुद्दा पुन्हा एकदा सविस्तर समजावून दिला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी रागावरच संदेश दिला. चांगला झाला म्हणे.

माझी पाळी पाण्याच्या मोटरीवरून आली. मी मोटर चालू ठेवून लॅबला गेले, गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत वाहिली. सिस्टरांनी फाटकातच माझी बिनपाण्याने केली. मी एक शब्द न बोलता वर गेले आणि दार लावून घेतलं. घराण्याची रीत. ऊन उतरलं तशा त्या जिना चढून आल्या. "आवाज चढवला ते चुकलं. मोटर तूच चालू ठेवली होतीस."

"काही नाही," मी आतून म्हणाले.

"'काही नाही' म्हणजे फार मोठं काहीतरी असतं," असं म्हणून त्या जिन्यावर बसल्या. दुखऱ्या गुडघ्यासकट. मी आत, त्या बाहेर, गॅलरीतलं ऊन तांबूस होत चाललेलं. शेवटी मला त्या गुडघ्याची लाज वाटली. मी दार उघडलं आणि जे बोलत सुटले ते मोटरीपासून सुरू होऊन माझ्या शाळेतल्या बाईंपर्यंत गेलं. मला कुणी कधी विचारत नाही, सगळे गृहीत धरतात, मी रडत होते आणि ओरडत होते. इतकं मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. सिस्टरांचा चेहरा तर रोपाला पहिलं फूल आल्यासारखा फुललेला. "छान," त्या म्हणाल्या. "आता पोहे कर, भूक लागली."

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. शहाण्या बाईचं एक निरुपद्रवी खूळ. ते किती खोल आहे हे मला वरकुट्यात कळलं.

आमच्या घराण्यातला सगळ्यात धष्टपुष्ट राग माझ्या वडिलांचा आणि चुलत्यांचा. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, धाकट्या चुलत्यांना तात्या. तात्यांच्या मुलीच्या लग्नात माईकवाला पाहुण्यांची नावं पुकारत होता. आमच्याकडे नाव पुकारलं गेलं की माणूस लग्नाला आला, नाहीतर तो नुसताच जेवायला आला. त्या दिवशी गावोगावच्या सोसायट्यांचे चेअरमन पुकारले, नवरदेवाच्या मावसभावाचे मित्र पुकारले, आणि नवरीच्या सख्ख्या थोरल्या चुलत्याचं नाव राहिलं. आबा शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत वाट बघत उभे होते. मग अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून आले. थोरला भाऊ मांडवातून उपाशी गेला, हे तात्यांच्या मनाला लागलं. आपलं नाव राहिलं, हे आबांच्या. दोघं बोलायचे बंद झाले ते झालेच. त्याच वर्षी तात्यांनी त्यांच्या गोठ्यामागून आमच्या रानात जाणारी वाट आडवा चर खणून बंद केली आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या.

आमचं तरी कुठं अडलं होतं! आमचा ऊस पलीकडच्या शेजाऱ्याच्या रानातून निघायचा. पण यंदा त्या शेजाऱ्याने डाळिंब लावलं, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. आता ट्रॅक्टर जायला तात्यांची वाट सोडून दुसरी जागाच नव्हती.

थंडीचे दिवस होते. दुपारी लॅबमध्ये आईचा फोन आला. ऊसतोडीची टोळी फडात आलीय, तोड सुरू झालीय, ट्रॉली बाहेर निघायला वाट नाही. मुकादम म्हणतोय, उद्या सकाळपर्यंत वाट झाली नाही तर आम्ही दुसऱ्या फडावर जातो, आणि एकदा गेलेली टोळी परत कधी येईल सांगता येत नाही. तोडलेला ऊस वाळणार, उभा ऊस तसाच राहणार. "आन् तुझं आबा कुऱ्हाड घिऊन बांधावर बसल्यात," आई म्हणाली. "तात्याबी गोठ्याम्होरं उभं हायती. बाय, मला लई भ्या वाटतंय."

मी घरी पळत आले, एसटीला जायला पिशवी उचलली. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं. "तू चालव. मी मागं बसते. त्या दोघांच्याही पोरांना मी सुया टोचल्यात."

जळोचीपासून वरकुट्यापर्यंत मी स्कूटी चालवत होते आणि त्या मागून माझ्या कानात प्रश्न टाकत होत्या. कुणावर राग आहे? तात्यांवर. मुद्दा काय? वाट. मग लग्नाचं काय? तो राग. उसाचं काय? तो मुद्दा. तात्यांच्या सुनांनी माझ्या आईला पाणी भरताना टोमणा मारला, ते? "ते सोड, तो खडा." भिगवण रस्त्यावरून ट्रक अंगावरून जात होते आणि आम्ही सूप पाखडत होतो. मला खरंच हलकं वाटायला लागलं. वाटलं, ही बाई आज दोघांना बसवून सरळ करणार.

झालं भलतंच. तात्या गोठ्यासमोर उभे होते. सिस्टरांना बघून त्यांनी अदबीने टोपी सावरली. "सिस्टर, तुमी आलाव, बरं वाटलं. पर ह्यात पडू नगा. ह्यो घरातला इषय हाय."

"वाट मोकळी करा तात्या. ऊस वाळतोय."

"वाळू द्या की. उपाशी जाताना भावानं माजा इचार क्येला व्हता का?"

आणि सिस्टर पेटल्या. "आरं तुझ्यापेक्षा तुझा बैल बरा! त्याला वाट दिसती तरी! ज्या भावानं तुला खांद्यावर घिऊन शाळंत नेलं, त्याच्या तोंडचा घास तू..." पुढचं मी लिहीत नाही. सुना दारात आल्या, टोळीतल्या बायका कोयते थांबवून बघायला लागल्या. तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला. वळले, आणि गड्याला म्हणाले, "आनखी फांद्या आन."

संपलं. होती नव्हती ती आशा सिस्टरांनी स्वतःच्या हाताने चरात ढकलली. मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटेना.

आबा मात्र बांधावरून उठून आले ते खूश होऊनच. आमच्या ओसरीवर सिस्टरांना खुर्ची दिली, आईला चहा टाकायला सांगितला. "बरं झालं. त्याला कुणीतरी बोलाय पायजेच व्हतं."

सिस्टरांनी चहाला हात लावला नाही. त्या पश्चिमेकडे बघत होत्या. उसाच्या तुऱ्यांवर ऊन आलं होतं. ओठ हलत होते, प्रार्थना असावी. चाचांकडे जाणं सोपं होतं, पाळकसाहेबांकडेही. तिथं चूक आपली आहे हे त्यांना आतून माहीत असे. इथं सगळं खरं त्यांच्या बाजूला होतं. त्या उठल्या आणि पदर खोचला.

"कुटं निगालाव?" आबांनी विचारलं.

"तात्यांची क्षमा मागायला."

आबा ताडकन उभे राहिले. "त्याची? चूक त्याची, आन् माफी तुमी मागनार? माजी मान खाली जाईल, सिस्टर. जायचं न्हाय."

"आबा, मुद्दा तुमचा आहे. राग माझा आहे. माझी वस्तू तिथं राहिलीय, ती मी घेऊन येते."

फिरून जायला वेळ नव्हता. त्या सरळ चराकडे निघाल्या, मी मागे. ताज्या फांद्यांत त्यांचा पदर अडकला, काट्याने पोटरीवर रेघ ओढली. मी हात दिला. चरात उतरून वर चढताना त्या लहान मुलासारख्या रांगल्या. पलीकडे टोळीतल्या बायका परत उभ्या राहिल्या होत्या.

तात्या धारा काढायला बसले होते. सिस्टर म्हणाल्या, "सुनांना बाहेर बोलवा. ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोरच बोलते." सुना आल्या. मग त्या आपल्या स्वच्छ, सावकाश मराठीत म्हणाल्या, "तात्या, मी तुम्हाला बैलाहून वाईट म्हणाले. घरच्यांसमोर तुमचा अपमान केला. तो राग होता. तो वाईट होता. मला क्षमा करा." थांबल्या. दम लागला होता. "आणि वाट बंद करणं चूक आहे. मघाशी हे रागात म्हणाले. आता राग नाही. तरी तेच म्हणते."

तात्यांनी धारेची बादली बाजूला सरकवली. म्हशीने शेपूट हलवलं. मग ते बोलले तेव्हा आवाज मुलासारखा बारीक होता.

"सिस्टर, त्या लग्नात नाव ऱ्हायलं, ते मला दुसऱ्या दिशी कळलं. मी पोरीजवळ आत व्हतो. दादा का ग्येला तेच ठावं नव्हतं. मला वाटलं, पोरीच्या लग्नात आडकाठी घालून ग्येला. कळल्यावर जायाचं व्हतं. पर तवर लई दिस झालं व्हतं असं वाटलं. मग रोजच वाटाया लागलं."

मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं आबा ज्या अपमानावर जगत होते तो कुणी केलाच नव्हता. एका दिवसाचा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दोन शब्द बोलले असते तर विषय माईकवाल्यावर हसण्याचा होता.

सिस्टर त्यांना बिलगल्या नाहीत, उपदेश केला नाही. त्यांनी सूर्याकडे बोट दाखवलं. फडाच्या वर हातभर उरला होता. "अजून आहे," एवढंच म्हणाल्या.

तात्यांनी धार अर्धी सोडली. गोठ्यातलं खोरं उचललं आणि चराकडे निघाले. पलीकडे आबा कुऱ्हाड घेऊन उभे. तात्यांनी आबांकडे पाहिलं नाही. खाली वाकले आणि पहिलं खोरंभर माती चरात ओढली. मग दुसरं. आबा बघत राहिले. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि बाभळीची सगळ्यात जाड फांदी तोडून बाजूला फेकली. दोघं आपापल्या काठावर काम करत होते, एकही शब्द नाही. पण सूर्य बुडाला तेव्हा एकाच्याही हातात भांडायला काही उरलं नव्हतं. सिस्टर मधे बांधावर बसून पोटरीवरचं रक्त पुसत होत्या आणि हसत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसून मनसोक्त रडले, आणि ते सुखाचं रडणं होतं हे लिहायला मला मुळीच लाज वाटत नाही.

त्या रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. आबा आणि तात्यांचं बोलणं मात्र झालं नव्हतं. वाट मोकळी झाली, तोंडं नाही. आई म्हणाली, एवढं झालं हेच खूप. मला तसं वाटत नव्हतं.

सकाळी ट्रॉली गच्च भरली. टोळीतली माणसं, तात्यांच्या सुना, आमची आई, सगळे वाटेच्या कडेला. ट्रॅक्टर हळूहळू निघाला. आबा पुढे चालत ड्रायव्हरला हाताने दाखवत होते. गोठ्यामागे नव्या भरलेल्या मातीवर चाक आलं आणि खाली जायला लागलं. ट्रॉली एका अंगाला कलली, वरच्या मोळ्या सरकल्या, बायका किंचाळल्या. आबा पुढे असल्यामुळे त्यांना ते दिसत नव्हतं.

"दादा! थांबवा! मागलं चाक बसतंय, दादा!"

तात्या गोठ्यातून ओरडत पळत येत होते. आबा जागच्या जागी वळले. आईने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. इतक्या वर्षांनी कानावर पडलेल्या त्या हाकेला आबा काय उत्तर देतील, हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं.

"मग बगत काय ऱ्हायलायस, गाढवा!" आबा खेकसले. "दगड घाल की चाकाखाली!"

तात्यांचं तोंड हसण्याने कानापर्यंत गेलं. त्यांनी गोठ्याच्या पायरीचा दगडच उपसून आणला. दोघांनी खांदा लावला, टोळीतली माणसं धावली, "हेऽऽ" असा आवाज उठला आणि ट्रॉली चरातून डुलत वर आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर तर बांधावर उभ्या राहून दोन्ही हात वर करून मोठ्याने गात होत्या, प्रभूची स्तुती, वरकुट्यातल्या उसाच्या फडात, आणि टोळीतल्या बायका शब्द येत नसताना त्यांच्याबरोबर ताल धरत होत्या. इतकी जिंकलेली बाई मी पुन्हा पाहिली नाही.

आता सिस्टर वालचंदनगरला भाचीकडे असतात. मी अजून "काही नाही" म्हणते, पण संध्याकाळपर्यंतच.

आणि त्या सकाळी ट्रॉलीमागून डांबरी रस्त्यापर्यंत आबा आणि तात्या बरोबर चालत गेले. दगड आधी का घातला नाहीस, माती नीट का दाबली नाहीस, ड्रायव्हर तुझा की माझा, यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. रस्ता आला, ट्रॅक्टर निघून गेला, तरी ते तिथंच उभे राहून भांडत होते. आईने दोघांची न्याहारी तिथंच नेऊन दिली.